टोर्नेडोचा दिवस कसा ओळखायचा: उत्तर टेक्सासात नव्याने आलेल्यांसाठी

टोर्नेडो नेमका कुठे उतरणार, हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. टोर्नेडोचा दिवस मात्र बहुधा आदल्या रात्रीपासूनच दिसू लागतो. डॅलस, प्लेनो, फ्रिस्को, अर्विंग भागात नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींना पहिल्या वसंतात हा फरक ठाऊक नसतो, आणि मग दोन टोकं बघायला मिळतात. कुणी ढग काळा झाला की उशी घेऊन बाथटबमध्ये जाऊन बसतो. कुणी सायरन वाजत असताना बाल्कनीत उभा राहून पुण्याला व्हिडिओ कॉल लावतो. म्हणून हा लेख घड्याळाच्या क्रमाने लिहिला आहे: आदल्या रात्रीपासून वॉर्निंग येईपर्यंत काय बघायचं, आणि त्या त्या वेळी वर हवेत काय चाललेलं असतं.

हंगाम मुख्यतः एप्रिल-मेचा, वेळ बहुतेकदा दुपारी ४ ते रात्री ९. पण यावर विसंबून राहू नका. गार्लंड आणि रौलेटचा टोर्नेडो २६ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी आला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. उत्तर डॅलसमधला २० ऑक्टोबर २०१९ ला, रविवारी रात्री नऊच्या सुमारास.

आधी चार गोष्टी

वादळी ढगाला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत ओलावा, वर पुरेशी थंड हवा, आणि खालच्या हवेला वर ढकलणारं काहीतरी. ओलसर गरम हवा वर गेली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, त्यात उष्णता बाहेर पडते, आणि ती हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी राहून वर वर जातच राहते. टोर्नेडोसाठी चौथी गोष्ट हवी. उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही बदलायला हवेत. याला विंड शिअर म्हणतात.

चौथ्या गोष्टीचं वजन समजून घ्यायचं तर आपला वळीव आठवा. एप्रिल-मेमध्ये सातारा-सोलापूरकडे उकाडा असतो, ओलावा असतो, दुपारी ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातात, गारा पडतात, झाडं उन्मळतात. तरी टोर्नेडो जवळजवळ कधीच होत नाही. कारण तिथे त्या दिवसांत वरचा वारा सहसा फार जोराचा नसतो. ढगातून पडणारा पाऊस ढगाच्याच वर चढणाऱ्या झोतात कोसळतो, झोत गुदमरतो आणि तासाभरात सगळं शांत होतं. त्याच महिन्यांत बंगालकडे मात्र खाली उपसागराचा ओलावा आणि वर जोरदार पश्चिमी वारे एकत्र येतात. तिथल्या कालबैशाखीच्या ढगांतून खरे टोर्नेडो उतरतात. बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. जगातला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो म्हणून त्याचीच नोंद सांगितली जाते. (शेतात दुपारी उठणारी वावटळ या कुळातली नाही. ती तापलेल्या जमिनीवरून, निरभ्र आभाळाखाली उठते, तिला ढग लागत नाही.)

अमेरिकेच्या मध्यभागात या चारही गोष्टी जमण्याला भूगोल जबाबदार आहे. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात, आणि तिथून टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससपर्यंत ओली हवा अडवणारा एकही डोंगर नाही. पश्चिमेला उंच, कोरडी पठारं, तिथून तापलेली हवा पूर्वेकडे सरकते. त्याच्याही वर, वसंतात, जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान पश्चिमी वारा. देशभरात वर्षाला सरासरी १,२०० च्या आसपास टोर्नेडो होतात. एवढे दुसऱ्या कुठल्याही देशात होत नाहीत.

हे सगळं आधी वाचता येतं, हे पहिल्यांदा दाखवलं दोन लष्करी हवामान अधिकाऱ्यांनी. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आला आणि विमानांचं प्रचंड नुकसान झालं. मेजर अर्नेस्ट फॉबुश आणि कॅप्टन रॉबर्ट मिलर यांना वरिष्ठांनी विचारलं, हे आधी कळू शकतं का? दोघांनी जुने नकाशे काढून कोणत्या परिस्थितीत टोर्नेडो झाले ते तपासलं. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर तशीच मांडणी दिसली. त्यांनी धास्तावतच अंदाज दिला, तळावरची विमानं सुरक्षित केली गेली, आणि संध्याकाळी टोर्नेडो पुन्हा त्याच तळावर आला. एकाच तळावर दुसऱ्यांदा येणं हा योगायोगच. पण परिस्थिती ओळखली होती ती अचूक.

पायरी १: आदल्या रात्री

ओक्लाहोमात नॉर्मन गावी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, सरकारी. त्यांचं संकेतस्थळ उघडा आणि दुसऱ्या दिवसाचा नकाशा बघा. धोक्याच्या पाच पातळ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. नवा माणूस ‘स्लाइट’ म्हणजे किरकोळ असं समजून मोकळा होतो. पाचातली ती दुसरी पातळी आहे आणि वाईट टोर्नेडो तिच्यातही झालेले आहेत. ‘मॉडरेट’ तर चौथी, ती वर्षातून मोजक्याच दिवशी दिसते.

पातळीच्या रंगावर थांबू नका. त्या दिवसाच्या नकाशात टोर्नेडो, गारा आणि वारा यांच्या शक्यता वेगवेगळ्या दिलेल्या असतात. टोर्नेडोपुढे १० टक्के दिसलं तर ‘दहाच टक्के ना’ म्हणू नका. तो आकडा एखाद्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता सांगतो. एरवी एखाद्या दिवशी ती शून्याच्या जवळ असते, त्या मानाने १० टक्के फार मोठे आहेत.

नकाशाखालचा मजकूर जड असतो, तरी वाचा. अंदाज लिहिणारा माणूस कशाबद्दल साशंक आहे ते तिथेच कळतं. टीव्हीवर ही शंका गाळली जाते.

पायरी २: सकाळी

उठल्यावर दवबिंदू बघा, ॲपमध्ये तो ड्यू पॉइंट नावाने असतो. नवख्याने एकच आकडा पाठ करायचा असेल तर माझ्या मते हाच. ६० अंश फॅरेनहाइटच्या वर गेला की ओलावा पुरेसा, ६५ ते ७० असेल तर भरपूर. हवेचं तापमान बघून काही कळत नाही. आर्द्रतेचे टक्केही फसवतात, कारण ते तापमानाबरोबर दिवसभर खालीवर होतात.

आग्नेयेकडून जोराचा वारा, सरकणारे खालचे करडे ढग आणि सकाळी सातलाच अंगाला चिकटणारे कपडे: आखाताची हवा आली आहे. मुंबई-गोव्याहून आलेल्यांना ही हवा घरची वाटते, म्हणून त्यांच्या लक्षातच येत नाही.

आता कॅप. पश्चिमेच्या पठारांवर तापलेली कोरडी हवा सरकत येऊन या ओल्या हवेच्या वर, दीड-दोन किलोमीटरवर पसरते. हा गरम थर म्हणजे कॅप. खालची हवा वर चढू लागली की त्याच्यापाशी अडते. त्यामुळे दुपारपर्यंत एकही मोठा ढग दिसत नाही आणि लोक म्हणतात, ‘अंदाज फसला, ऊन पडलंय.’ उन्हाने मात्र खालची हवा आणखी तापत असते. कॅप अजिबात नसली तर सकाळीच किरकोळ सरी पडून ऊर्जा वाया जाते. कॅप फारच घट्ट असली तर दिवस कोरडा जातो. ती दुपारी उशिरा, थोड्याच ठिकाणी फुटली तर सुट्या ढगांना सगळी ऊर्जा मिळते. असे एकटे ढगच सर्वांत धोकादायक.

हे मोजायला फोर्ट वर्थ आणि नॉर्मनहून सकाळ-संध्याकाळ फुगे सोडले जातात, मोठ्या वादळाच्या दिवशी मध्येही. त्यांच्या आलेखाखाली आकड्यांची भाऊगर्दी असते. सुरुवातीला दोनच शोधा. केप, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळणारी ऊर्जा: १,००० ज्यूल प्रति किलोच्या पुढे बऱ्यापैकी, २,५०० च्या पुढे मोठी. आणि जमीन ते ६ किलोमीटर या थरातला शिअर: ४० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटरच्या आसपास गेला की फिरते ढग शक्य होतात. एक गोष्ट इथेच सांगतो. हिवाळ्यात आणि रात्री केप कमी असूनही शिअर जबरदस्त असला तर टोर्नेडो होतात. ‘केप कमी आहे, आज काही नाही’ हा नवशिक्यांचा लाडका निष्कर्ष आहे.

पायरी ३: दुपारी

पश्चिम टेक्सासात कोरड्या आणि ओल्या हवेची सीमारेषा असते, ड्राय लाइन. सकाळी ती न्यू मेक्सिकोच्या बाजूला असते आणि दुपारपर्यंत पूर्वेला सरकते. बरेचदा अॅबिलीन-विचिता फॉल्सच्या आसपास येते. तिच्या पश्चिमेला दवबिंदू तीसच्या घरात आणि पूर्वेला पासष्ट, असं चित्र एकाच तालुक्याएवढ्या अंतरात दिसू शकतं. याच रेषेवर हवा वर ढकलली जाते, कॅप फुटते आणि पहिले ढग उभे राहतात. नंतर ते ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे सरकत संध्याकाळी आपल्याकडे येतात. म्हणून तुमच्या नैऋत्येला आणि पश्चिमेला कोणती गावं आहेत ते आत्ताच नकाशात बघून ठेवा. वॉर्निंगमध्ये गावांची नावं घेतात, तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. आपल्या काउंटीचं नावही पाठ हवं: कॉलिन, डेंटन, डॅलस, टॅरंट. निम्म्या नव्या लोकांना ते येत नाही.

दुपारी एक सोपं गणित करता येतं. तापमानातून दवबिंदू वजा करा (दोन्ही फॅरेनहाइटमध्ये), उत्तराला ४.४ ने भागा: ढगाचा तळ किती हजार फुटांवर असेल ते कळतं. तापमान ८२, दवबिंदू ७० असेल तर फरक १२, तळ सुमारे २,७०० फुटांवर. तापमान ९५ आणि दवबिंदू ६० असेल तर तळ ८,००० फुटांवर. पहिला दिवस टोर्नेडोसाठी जास्त अनुकूल. का, ते पुढे येईल.

याच सुमारास ‘टोर्नेडो वॉच’ येऊ शकतो. वॉच नॉर्मनहून येतो, मोठ्या भागासाठी, काही तासांसाठी. त्याचा अर्थ: परिस्थिती तयार आहे. फोन चार्ज करा, गाडीत पेट्रोल नसेल तर भरून घ्या, मुलांना क्लासला सोडायचं की नाही ते ठरवा. ‘वॉर्निंग’ जवळच्या हवामान कार्यालयाकडून येते, छोट्या भागासाठी, आणि तिचा अर्थ वेगळा: रडारवर फिरकी दिसली आहे किंवा कुणी टोर्नेडो पाहिला आहे, आत जा.

पायरी ४: ढग उभा राहिल्यावर

इथे थोडं थांबून टोर्नेडो होतो कसा ते बघू.

जमिनीलगत वारा मंद आणि वर जोराचा असला की मधली हवा आडवी फिरू लागते, पोळपाटावर लाटणं फिरावं तशी. ढगात वर चढणारा झोत या आडव्या फिरकीला उचलून उभी करतो. मग ढगाच्या पोटात ३ ते १० किलोमीटर रुंदीचा एक फिरता गाभा तयार होतो, त्याला मेसोसायक्लोन म्हणतात. असा गाभा असलेला ढग म्हणजे सुपरसेल. शिअरमुळे पाऊस झोतापासून दूर जाऊन पडतो, झोत गुदमरत नाही, आणि वळीव जिथे तासात संपतो तिथे सुपरसेल कित्येक तास चालतो.

पुष्कळ लेखांत इथेच गोष्ट संपवतात: फिरता गाभा खाली आला की टोर्नेडो. तसं होत नाही. गाभा दीड-दोन किलोमीटर वर असतो, आणि बहुसंख्य सुपरसेल टोर्नेडो न देताच विरतात. जमिनीलगतची फिरकी वेगळ्या मार्गाने येते. ढगाच्या मागच्या बाजूने पावसाने थंडावलेली हवा खाली उतरते. थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर नवी फिरकी तयार होते, आणि उतरत्या झोताबरोबर ती जमिनीपर्यंत येते. तिथून वरच्या झोताने तिला ओढून घेतलं, तर ती उंच ताणली जाते, घेर कमी होतो, वेग वाढतो. तो टोर्नेडो.

ही उतरती हवा फार थंड असली तर जड होते, जमिनीवर पसरते, वर ओढली जात नाही. मग टोर्नेडो होत नाही. ढगाचा तळ खाली असला, म्हणजे खालची हवा ओली असली, तर पावसाचं बाष्पीभवन कमी होतं आणि उतरती हवा कमी थंडावते. मघाच्या गणिताचं कारण हे. शेवटच्या पायरीवर एक ढग यशस्वी का होतो आणि शेजारचा का नाही, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. १९९४-९५ आणि २००९-१० मध्ये व्होर्टेक्स नावाच्या मोहिमांत शास्त्रज्ञांनी रडार बसवलेले ट्रक घेऊन यासाठीच वादळांचा पाठलाग केला.

सगळेच टोर्नेडो सुपरसेलमधून येत नाहीत. रांगेने येणाऱ्या वादळांच्या आघाडीवर छोटे टोर्नेडो पटकन होऊन विरतात, बरेचदा रात्री. ते सहसा कमी ताकदीचे, पण त्यांची सूचना मिळायला वेळ फार थोडा.

आकाशाकडे बघून काय कळतं? पावसाच्या पुढे लांबच लांब, पुढे झुकलेली काळी कमान दिसली तर ती शेल्फ क्लाउड. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टोर्नेडो आला’ म्हणून फिरणारे निम्मे फोटो हिचेच असतात. तिच्यासोबत जोराचा वारा येतो, पण ती थंड हवा बाहेर पडत असल्याची खूण आहे. वॉल क्लाउड वेगळा. पाऊस नसलेल्या बाजूला, बहुधा ढगाच्या नैऋत्य टोकाला, तळातून खाली लोंबणारा आणि फिरणारा तुकडा. हिरवट आकाशाचा अर्थ एवढाच की ढग खूप जाड आहे. रात्री किंवा पावसाच्या पडद्याआड टोर्नेडो दिसतच नाही, तेव्हा बघण्याच्या मोहात पडू नका. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळचा टोर्नेडो २.६ मैल, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त रुंद झाला. टोर्नेडोंवर आयुष्यभर संशोधन केलेले टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले.

पायरी ५: रडार

साध्या हवामान ॲपमधलं रडार पुसटलेलं असतं. रडारस्कोपसारखं ॲप घ्या आणि दोन चित्रं आलटून पालटून बघा. पहिल्यात पाऊस: सुपरसेलच्या नैऋत्य कोपऱ्यात हुकसारखं वळण दिसतंय का? दुसऱ्यात वाऱ्याचा वेग: हिरवा म्हणजे रडारकडे येणारी हवा, लाल म्हणजे दूर जाणारी. गडद हिरवा आणि गडद लाल अगदी एकमेकांना खेटून दिसले, आणि तेही त्या हुकच्या टोकाशी, तर तिथे फिरकी आहे. तिसरं एक चित्र आहे, कोरिलेशन कोइफिशंट. फिरकीच्या जागी त्यात अचानक खड्डा पडला तर हवेत पावसाऐवजी पत्रे, फांद्या, लाकूड उडत आहेत. म्हणजे टोर्नेडो जमिनीवर आहे.

रडारची किरणं अंतराबरोबर उंच जातात. शंभर मैलांवर सर्वांत खालची किरणसुद्धा जवळपास तीन किलोमीटर वर असते, तिथून जमिनीजवळचं काही दिसत नाही. शिवाय चित्र काही मिनिटं जुनं असतं. शिकण्यासाठी रडार बघा, आत जायचं की नाही ते ठरवण्यासाठी नको.

पायरी ६: वॉर्निंग आली

साधारण दहातल्या सात वॉर्निंग खऱ्या ठरत नाहीत. तरीही प्रत्येक वेळी आत जा. २० मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या मूरमध्ये टोर्नेडो जमिनीला टेकण्याच्या १६ मिनिटं आधी वॉर्निंग आली होती. दर्जा सर्वांत वरचा, ईएफ ५. २४ जण गेले. एवढ्या वेळात जे जमतं तेवढंच जमतं, म्हणून तयारी आधीची हवी.

इथल्या बहुतेक घरांना तळघर नाही. सर्वांत खालचा मजला, बाहेरच्या भिंतीपासून दूर, खिडकी नसलेली खोली: जिन्याखालचं कपाट, आतलं बाथरूम, क्लॉजेट. अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आजच ओळख करून घ्या, ‘वॉर्निंग आली तर तुमच्याकडे येऊ का’ विचारा. हो म्हणतात लोक. पायांत बूट हवेत, चपला नकोत, कारण नंतर काचांवरून चालावं लागतं. डोक्यावर हेल्मेट घाला. रविवारी क्रिकेट खेळणाऱ्यांच्या घरी ते असतंच.

खिडक्या उघडून दाब सारखा करायचा, ही जुनी समजूत चुकीची आहे. पुलाखाली आसरा घेणं त्याहून वाईट, तिथे वारा अरुंद जागेतून आणखी जोराने घुसतो. गाडीतून पळू नका. गार्लंडला २०१५ मध्ये दहा जण गेले, त्यातले बहुतेक हायवेवर गाडीत होते.

सायरन बाहेर असलेल्यांसाठी असतो, झोपेत तो ऐकू येईल असं धरू नका. डॅलसमध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी त्याची चाचणी होते, तेव्हा घाबरायचं कारण नाही. फोनवरचे सरकारी अलर्ट चालू ठेवा. हरवलेल्या मुलासाठी येणाऱ्या अँबर अलर्टच्या कर्कश आवाजाला वैतागून पुष्कळ जण सगळेच अलर्ट बंद करून टाकतात. सेटिंगमध्ये ते वेगवेगळे असतात, तेवढं बघा. जोडीला बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्या, मोबाइलचा टॉवर पडला तरी तो चालू राहतो.

वॉर्निंगची वेळ संपली की लगेच बाहेर धावू नका. पश्चिमेला आणखी ढग आहे का ते आधी रडारवर बघा, एकाच संध्याकाळी दोन वादळं एकामागून एक येऊ शकतात. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि ९११ ला फोन बाहेर जाऊनच करा.